विरजण

ओरेस्ते दरवर्षी कौलांखालचं पोळं जाळायचा.
काठीला चिंधी, चिंधीला रॉकेल,
आणि तोंडात अशी शिवी
की टेकडीवरच्या पाद्रीनेही घसा खाकरावा.

झेलिंदा आली ती ऑक्टोबर सरताना,
बुटांना तोस्कानाचा चिखल, खांद्याला थंडपेटी.
म्हणाली, यंदा जाळू नका, मला राण्या हव्यात.
तो म्हणाला, राजा-राणी आम्ही
सेहेचाळीस सालीच घालवले, बाई.
तरी शिडी त्यानेच धरली.

पोळं हातात घेतलं तर वजनच नाही.
राखाडी कागद, चावून चावून केलेला,
त्यात त्याच्याच कुंपणाचं लाकूड.
कामकरणी पहिल्या हिमात गळून गेलेल्या.
राण्या तेवढ्या सालपटाखाली,
पाय पोटाशी घेऊन,
दार लावून घेतल्यासारख्या.

मी तेव्हा त्या प्रयोगशाळेत काचा धुवायचे.
फेब्रुवारीत तिने एका गांधीलमाशीचं पोट उघडलं,
आतला थेंबाचाही थेंब बशीवर पसरला.
तिसऱ्या दिवशी ठिपके उठले,
साबुदाण्याहून बारीक, पांढरे.
झाकण उचललं आणि खोलीभर
आंबवलेल्या पिठाचा वास.

सप्टेंबरात द्राक्षाच्या सालीवर असतं ते यीस्ट.
हिवाळ्यात वेलीवर शोधलं, नव्हतं.
फांद्या तर नुसत्या काड्या.
ते इथे होतं, हिच्या पोटात, झोपलेलं.
वसंतात ही अळ्यांना तोंडाने भरवील,
अळ्यांच्या माश्या होतील,
माश्या पिकल्या घडांवर जातील.

झेलिंदाला यासाठी मोठा लॅटिन शब्द ठाऊक होता.
मला विरजण आठवलं :
आपलं संपलं की शेजारणीकडून चमचाभर,
तिचं संपलं की आपल्याकडून,
आणि मूळचं कुणाचं, हे कुणीच विचारत नाही.

मार्चमध्ये बशी घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो.
ओरेस्तेने नाक खाली नेलं.
"तळघर," म्हणाला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "माझ्या आजोबांनीही जाळली."

झेलिंदाने वही पुढे केली.
सोळा राण्या. नऊंत सापडलं.
सातांत नाही.

त्याने बोट त्या सातावर ठेवलं, नखात माती.
"ह्यांच्यात का नाही?"

माहीत नाही, ती म्हणाली.

तो उठला, शिडीची
सैल झालेली तिसरी पायरी
ठोकू लागला.