वीस अंश

भांडुपच्या शेडमध्ये मे महिन्यात
पत्र्याखाली एकोणचाळीस.
माझ्या काचेच्या खोलीत वीस,
बारा महिने वीसच.
दमानियासाहेबांच्या केबिनमधला एसी बंद पडला तरी
इथला चालू राहतो,
कारण तो माणसांसाठी नाही.

काल साडेपाच, महिनाअखेर, चाकणचा टेम्पो दारात,
आणि निवात्यांच्या मशीनवरची चारशे बारा हाऊसिंगं.
गेजची जी बाजू आत जायला नको
ती गेली,
माहेरच्या घरात शिरावी तशी.
साठ मिलीच्या भोकाला अठरा मायक्रॉन जास्त.
केसाचा जेमतेम चौथा हिस्सा.
माझी सही बावीस वर्षं
त्या चौथ्या हिश्श्यावरच उभी आहे.

लाल चिठ्ठी लावली.
टेम्पो सोनापूरच्या सिग्नलकडे रिकामा वळला.
निवाते म्हणाले, "मॅडम, जरा थांबून बघा,
माल अजून हाताला लागतोय."
मी म्हटलं, "आकडा दिसतोय ना?"
म्हटलं ते सगळ्या शिफ्टसमोर.
त्यांनी हात पुसले,
चिंधी खांद्यावर असताना, शर्टाला.

आज सात वाजता आले.
रात्रभर माझ्या खोलीत पडून होते ट्रे.
पहिलं घेतलं. गेज अडला.
दुसरं. अडला.
मग बसून सगळीच मोजली, डबा न उघडता.
चारशे अकरा बरोबर.
एकाला तेवढा ओरखडा, तोही बाहेरून.

ॲल्युमिनियम तापलं की फुगतं
हे दर जूनमध्ये नव्या पोरांना मीच शिकवते.
'आधी निवू द्या, मग मोजा'
फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारते.
दुसरी रेघ मारताना खडू मोडतो, पोरं हसतात.

चिठ्ठी काढता येते.
दुसरा कागद, तारीख, सही.
मूळ कारण: मोजण्यात घाई.
कोणाची, याला फॉर्मवर रकाना नाही.
समासात लिहिलं, नावासकट.

मग शेडमध्ये गेले.
"निवाते, तुमचं बरोबर होतं."
हेही सगळ्यांसमोरच म्हणायचं होतं,
पण कॉम्प्रेसर सुरू झाला,
कुणाला ऐकू गेलं कोण जाणे.
त्यांनी चकमधून एक हाऊसिंग सोडवलं,
माझ्या तळव्यावर ठेवलं.
"आत्ता उतरलंय. आत्ता नका मोजू."

पोळत होतं.
खाली ठेवायला टेबल होतं जवळच.
मी ते धरून उभी राहिले.