दोन रकाने

मार्चचं पान उलटं करून भिंतीला चिकटवलंय,
मधोमध पट्टीनं मारलेली रेघ.
डावीकडे ओजसच्या अक्षरात : जर्मन शेफर्ड.
उजवीकडे केतकीचं, जरा तिरकं : लॅब्रॅडॉर.
मी आपला 'अल्सेशियन' म्हणतो
तर दोघं एकदम हसतात;
आठवडाभरात घरात झालेलं तेवढंच एकमत.

डावीकडे लिहिलंय : अनोळखी माणसावर भुंकतो.
उजवीकडे : अनोळखी माणसावर भुंकत नाही.
दोन्हींपुढे बरोबरची खूण.

जामनेर रोडला फिरकेंचा शेफर्ड बघून आलो.
भुसावळची एप्रिलमधली दुपार,
डांबराला चपला चिकटत होत्या,
आणि तो, फोटोत कान ताठ असणारा जवान,
कूलरच्या तोंडाशी ओल्या गोणपाटावर
पोट टेकून पडलेला.
फाटक वाजलं तेव्हा त्यानं एक डोळा उघडला,
आम्हाला मोजलं, मिटला.
"थंडीत या," फिरके म्हणाले, "मग बघा रुबाब."

सावद्याच्या मावशीचा लॅब्रॅडॉर
आम्हाला घ्यायला थेट रस्त्यावर आला,
जसं काही पत्रिका छापून बोलावलं होतं.
ठिबकच्या नळ्या चावून
त्यानं केळीचे चार दांड भलत्या वेळी भिजवलेत.
पौषात भरिताच्या पार्टीत
वांग्यांचे देठ, कळण्याची भाकरी, एक पत्रावळ,
सगळं खाऊन पुन्हा रांगेत.
"चोर आला ना," मावसा म्हणाले,
"तर हा त्याला तांब्याभर पाणी नेऊन देईल."

डॉक्टर भंगाळ्यांनी चष्मा पुसला.
"दोघंही थंड मुलखातले.
आपल्याकडे पारा सत्तेचाळीसवर जातो.
कोणताही आणा, फरशी गार ठेवा.
आणि बारा वर्षं धरून चाला."

बारा.
वरणगावच्या फॅक्टरीत मी दिवसभर पेट्या मोजतो,
मोजल्याशिवाय मला काही समजत नाही.
शिफ्टच्या बसमध्ये खिडकीशी बसून मोजलं :
ओजस जूनमध्ये पुण्याला.
केतकी अजून दोन वर्षं, फार तर तीन.
मी रिटायर होईन तेव्हा
कुत्रा आठ वर्षांचा.
दोन्ही रकान्यांत सगळ्यात खाली
बारीक अक्षरात एकच ओळ आहे :
म्हातारपणी कंबर जाते.
ती पोरांनी लिहिलीय, वाचली नाहीये.

म्हणजे निवडणार ते
आणि पहाटे पाचला साखळी धरून
रेल्वे मैदानाला फेरी मारणार आम्ही.

रात्री गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणं टाकली.
प्रमिलाला विचारलं, तुला कोणता पाहिजे?
"मले कोनी इचारलं का आतालोक?"
मग गप्प.
यार्डातून एक मालगाडी निघाली,
अठ्ठावन्न डबे गेले,
गार्डाचा दिवा दिसेनासा झाला, तेव्हा बोलली :
"दुपारी घरात मी एकलीच असते.
भुंकला नाही तरी चालीन, केस गळाले तरी झाडीन.
पन मी या खोलीतून त्या खोलीत गेले
का मागे मागे येनारा पाहिजे."

सकाळी पेन घेऊन भिंतीपुढे उभा राहिलो.
डावीकडे लिहू की उजवीकडे?
शेवटी रेघेवरच लिहिलं,
अर्धी अक्षरं इकडे, अर्धी तिकडे.
ओजस म्हणाला, "पप्पा, असा मुद्दा धरत नाहीत."
केतकी काहीच बोलली नाही.
दिवसभर नुसती आईच्या पाठी :
ओटा, मोरी, गॅलरी, पुन्हा ओटा.
"काय गं, काय पाहिजे?" आई वैतागली.
"काही नाही."

रविवारी जळगावला जायचंय.
कोणता, ते अजून ठरलेलं नाही.
गाडीच्या डिकीत गोणपाट ठेवलंय घडी करून,
आणि ते भिजवायला
पाण्याच्या दोन बाटल्या.