तीस जागा

रावपुऱ्यात लसींच्या कोठीत, जिन्याखाली,
एक संगणक आहे, पडदा नसलेला.
त्याच्या शेपटीला मोडेम, मोडेमात सिम.
रिचार्ज दर महिन्याला मीच मारते.

फ्रीजचा पारा आठावर गेला
की तो कोणाला न विचारता चार जणांना उठवतो.
मी दांडिया बाजारातल्या घरून, काळ्या पडद्यावर,
एका ओळीत त्याला हे शिकवलं.
निरोप रोमन लिपीत, कारण मराठीत
सत्तरच अक्षरं मावतात,
आणि पारुलबेन म्हणाल्या, डबल पैसे शाने माटे?
फ्रीज तीन. आठ पूर्णांक सहा. बस.

यादीत चौथा नंबर खासगीवाले काकांचा.
त्यांच्या वेळी ही ओळ नव्हती, ते होते.
दर दोन तासांनी टॉर्च, काचेला नाक,
वहीत तिरका आकडा, पुढे सही,
सहीपुढे कधी, "मांजर आत आली होती."
निवृत्त झाले तेव्हा पेढ्यांचा पुडा ठेवून म्हणाले,
माझाही नंबर असू दे गं, झोप तशीही लागत नाही.
आणि आणंदला लेकीकडे गेले.

काल नोंदींमध्ये नवी तक्रार दिसली:
सिममध्ये जागा नाही.
कसली जागा? मी तर फक्त पाठवते.
पाठवायचा हुकूम लिहिला होता,
आलेलं वाचायचा लिहिलाच नव्हता.
शोधून तो टाइप केला.
तीस निरोप. चार कंपनीचे,
सव्वीस एकाच नंबरवरून.

तीन बारा. बघतेस ना?
तीन चाळीस. दार ढकललं असेल, लागलं नसेल.
दोन पाच. तीनचं रबर गेलंय, खालचा कोपरा चाचप.
दोन नऊ. पाच वर्षं सांगतोय.
चार एकतीस. उतरला का पारा
चार अठ्ठावन्न. उतरला असेल.
एक वीस. नातू विचारतो, रात्री कोण मेसेज करतं. मी म्हटलं, फ्रीज.

दीड वर्षाचे होते सगळे.

सकाळी कोठीत जाऊन
तीनच्या खालच्या कोपऱ्याशी हात धरला.
बोटभर वारा येत होता, गार.

कारेलीबागेतून रबर आणलं, बसवलं.
ते सव्वीस निरोप त्यांच्याच जुन्या वहीत उतरवले,
वेळेच्या रकान्यात वेळ,
सहीची जागा कोरी ठेवून,
आणि मग सिम रिकामं केलं.

यादीतून त्यांचा नंबर काढावा म्हणून
कर्सर नेऊन ठेवला त्यावर.
बराच वेळ लुकलुकला तिथे.
राहू दिला.

पारा चढलेला नसताना, पहिल्यांदाच,
हाताने ओळ लिहिली, मराठीत, अक्षरं न मोजता:
काका, तीनचं रबर बदललं. आता झोपा.
एंटर.

आता वाचायची ओळ येत होती,
तर दर मिनिटाला तीच दाबत बसले.
शून्य. शून्य. शून्य.
अकराव्या मिनिटाला एक जागा भरली:

केवढ्याला आणलं?