सहा मिलिमीटर

सौमित्र हॅलिफॅक्सला गेला आणि
वनखात्याच्या नोंदणीत त्याच्या जागी माझं नाव लागलं.
सोबत एक काचपेटी, पाण्याचं जड वाडगं,
आणि दीड वर्षाची, नारिंगी,
मक्याच्या कणसासारख्या पोटाची
सुतळी.
मावशी, फक्त झाकण नीट लावत जा, म्हणाला.

नीट म्हणजे किती?
भोसरीत एकवीस वर्षं मी इन्स्पेक्शनला आहे.
नीट हा शब्द आमच्याकडे ड्रॉइंगवर चालत नाही.
व्हर्नियर घरी आणला.
डोकं साडेआठ. (हलली, म्हणून पुन्हा. साडेआठच.)
म्हणजे कुठलीही फट सहाच्या आत.
सरकत्या काचांमध्ये पाच.
झाकणाचा डावा कोपरा सात, खालून ढकलला तर नऊ.
लाल टॅग बांधला. रिजेक्ट.

बोहरी आळीतून दोन कड्या, शोकेसचं कुलूप.
तापकीर गल्लीत थर्मोस्टॅट मागितला
तर पोरगं म्हणालं, माशांसाठी ना?
मी हो म्हटलं.

बल्बला जाळीचा पिंजरा केला.
आपल्या भाषेत अस्तनीत निखारा असतो, साप नसतो.
इथे निखारा चाळीस वॅटचा
आणि अस्तनी तिची.
भाजतंय हे तिला उशिरा कळतं म्हणे,
चटका बसेपर्यंत ऊब समजून पडून राहते.
हे कळल्यावर मी जरा वेळ
ओट्यापाशी नुसती उभी होते.

चिकटपट्टी आतून लावायची नाही, खवले धरून ठेवते.
जाळीची टोकं कानशीने घासली,
बोट फिरवून पाहिलं,
मग गाल फिरवून पाहिला,
बोटं माझी राठ झालीत म्हणून.

खालच्या डिंबळे वहिनी दिवेलागणीनंतर नाव घेत नाहीत.
लांबडं बरंय ना? विचारतात जिन्यात,
आणि त्याच आठवड्यात त्यांनी
बाल्कनीच्या पाइपाला जाळी बसवून घेतली.

तिसऱ्या गुरुवारी धायरीची वीज गेली,
नेहमीचीच, दुरुस्तीची.
चारला पहिल्या शिफ्टहून आले.
झाकण बंद. कुलूप बंद.
पेटी रिकामी.

साप साप म्हणून लोक भुई धोपटतात.
मी भुईवर पालथी पडले, टॉर्च घेऊन.
सोफ्याखाली. फ्रिजमागे. मिक्सरच्या खोक्यात.
कपाटाखाली हरवलेलं एक कानातलं सापडलं,
ते तिथेच राहू दिलं.
मग प्रत्येक उंबऱ्यावर तांदळाची पिठी भुरभुरली
आणि बसून राहिले. कुकरही लावला नाही.

साडेसातला पॅसेजमधल्या पिठीत
एक वेलांटी उमटली होती,
ऱ्हस्व की दीर्घ, कळू नये इतकी फिकट.

ती इन्व्हर्टरच्या ट्रॉलीकडे वळली होती.
पेटीतला पट्टा सकाळपासून गार,
घरात ऊब होती ती एवढीच.
बॅटरीच्या टोपणांमध्ये वेटोळं,
टर्मिनलपासून तीन बोटांवर.
अंतर मोजलं नाही.
माझा व्हर्नियर पोलादाचा आहे.

थर्मोस्टॅटची वायर आत जाते ते भोक
मीच पाडलेलं. दहाचं ड्रिल, पाचची वायर.
एवढ्यावरून मी लोकांना मेमो दिलेत.

आता तिथे रबरी ग्रोमेट आहे.
पेटीचा प्लग इन्व्हर्टरवर घेतलाय,
पण बॅटरी जुनी, दीड तास जेमतेम.
म्हणून गुरुवारी निघताना
गरम पाण्याची पिशवी पंच्यात गुंडाळून
बाहेरून काचेला टेकवते,
आणि किल्ली खाली देते. घराची.

अकराला डिंबळे वहिनी येतात,
स्वतःच्या गॅसवर तापवलेलं पाणी घेऊन,
पेटीकडे पाठ करून पिशवी बदलतात.
बघत नाही मी, सांगतात, बघवत नाही.
फक्त जाताना, मागे हात नेऊन,
कुलूप ओढून पाहतात.
दोनदा.
हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.