हातचा

हलमध्ये, नदीकडे पाठ केलेल्या ऑफिसात
मी एका कड्याचा अहवाल बांधते.
मातीचा कडा. समुद्र रोज थोडा थोडा नेतो.

सॉफ्टवेअर चांगलं आहे.
डावीकडे मी खुणा टाइप करते, उजवीकडे
समीकरण छापील होऊन उभं राहतं:
अंश वर, छेद खाली, मधली रेघ मापात.
नवं मोजमाप आलं की फाइल पुन्हा चालवायची.
आलेख सरकतो, तक्ता सरकतो,
पान एकतीसवरच्या वाक्यातलं
'दरवर्षी एक पूर्णांक आठ मीटर'
आपसूक 'दोन पूर्णांक एक' होतं.
मी बोटही लावलेलं नसतं.

हे सगळं ज्यांच्या गणितावर उभं आहे
ते थॅक्रे, निवृत्त होताना सतरा वह्या देऊन गेले.
सगळं पेन्सिलीत. त्यांचा न्यू आणि व्ही एकसारखा,
जशी माझ्या वडिलांच्या बांधकाम खात्यातल्या बिलांवर
'खडी'ची 'रवडी' व्हायची
आणि कोरेगावचा ठेकेदार खुशाल हसायचा.
तीन आठवडे मी एका अक्षरापाशी अडले.
फोन केला. म्हणाले,
"व्ही असेल तर पाणी पळतं, न्यू असेल तर चिकटतं.
तिथं काय होतंय, तेवढं बघ."

मार्चमध्ये खुंट्या मोजायला गेले होते, विदर्नसीच्या खाली,
तेव्हा नऊ नंबरच्या मिसेस बील्बींनी चहा दिला.
माझ्या कागदावर बोट ठेवून विचारलं, हा एक्स कोण?
म्हटलं, काठापासून तुमच्या मागच्या दारापर्यंतचं अंतर.
"मग त्याला अंतरच म्हणा ना."

बुधवारी लीड्सहून तपासनिसाचा शेरा आला:
समीकरण बारा. शेवटी शून्य पूर्णांक पंचवीस वजा केलंय.
आधार नाही. नाव नाही. काढून टाकावं.

काढून पाहिलं. फाइल चालवली.
नऊ नंबरचं घर लालचं पिवळं झालं.
तीन पूर्णांक पंच्याण्णव वर्षांची
चार पूर्णांक वीस झाली,
आणि कौन्सिलची मदत चारच्या आत असलेल्यांनाच.
पडद्यावर एवढंच: कंपाइल झालं, चुका शून्य.

पुन्हा फोन.
पलीकडे बराच वेळ किटली वाजत राहिली.
"तो पाव म्हणजे एक हिवाळा," थॅक्रे म्हणाले.
"कडा सरासरीनं पडत नाही गं.
जानेवारीत एका रात्रीत पडतो.
मी एक हिवाळा आधीच बाजूला काढायचो."
मग जरा ओशाळून,
"लिहायचं राहिलं."

आम्हाला पावकी होती, निमकी होती, दिडकी होती.
पावाला स्वतःचा पाढा होता,
तो कुणाच्या शेपटीला लोंबकळत नव्हता.
आणि बेरजेत जे मावायचं नाही
ते बाई बोटावर धरायला लावायच्या:
हातचा एक. सोडू नका.

ग्रीक अक्षरं संपली होती.
एच म्हणजे उंची, के म्हणजे कसलासा गुणांक.
मी 'ह' टाइप केला.
छापून आली एक रिकामी चौकट.
फॉन्ट शोधला, घातला, पुन्हा चालवलं,
चौकटच. पावणेआठ वाजता सफाईवाला दिवे घालवून गेला,
मी हात हलवला की एक परत लागायचा.
कुठल्याशा ओळीत एक महिरपी कंस उघडा राहिला होता.

आता पान सहावर, चिन्हांच्या यादीत,
ग्रीकांच्या खाली, जरा जाड दिसतो तो:
ह. एकक, वर्ष. किंमत, पाव.
एक हिवाळा, राखून ठेवलेला.
खाली तळटीप, थॅक्रेंच्या नावाने, अकरावी वही,
आणि गेल्या चाळीस वर्षांतल्या पडझडीच्या तारखा.
बहुतेक जानेवारी.

तपासनिसाने मान्य केलं. फक्त विचारलं,
हे अक्षर छपाईत टिकेल ना?

शुक्रवारी अहवाल प्रसिद्ध झाला. आता तो सरकणार नाही,
कडा सरकेल.
एक प्रत छापून पोस्टाने पाठवली, नऊ नंबरला,
आणि त्यांच्या प्रतीत, पेन्सिलने,
एक्स खोडून
अंतर लिहिलं.