अकरा दिवस, शंभर नॅनोसेकंद

ताळगावच्या पठारावर रात्री पावणेदोनला
जागे असतात एसी, मी, आणि वॉचमन कायतान.
दारातून टॉर्च मारून तो विचारतो,
"बाय, पावले गो तुजे वायू पलतडी?"
मी म्हणते, दोन पावले. कार्बन डायऑक्साइडचे.
मिथेन अजून फेरीच्या रांगेत.

पडद्यावर एक पेटी. बाजू साडेचार नॅनोमीटर.
तिच्यात पॉलिइमाइडच्या साखळ्या कोंबल्यात,
ताटातल्या शिरवळ्यांसारख्या, टोक सापडू नये अशा.
उजवीकडून निसटलेला रेणू डावीकडून परत येतो.
एवढंच विश्व परवडतं आम्हाला.

पप्पांना सांगितलं होतं, गाळणी करतेय,
शेणगॅसातला नको तो वायू काढणारी.
"म्हणजे मानस," ते म्हणाले.
चोडणच्या खाजनात तेवीस वर्षं त्यांनी मानस राखली:
भरतीला फळ्या मिटायच्या, ओहोटीला उघडायच्या,
आणि जाळ्यात सुंगटं.
मी हो म्हटलं.
खोटं होतं ते.

कारण इथे फळी नाही.
भोकंसुद्धा नाहीत, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.
आधी विरघळावं लागतं.
रेणू भिंतीत शिरतो, एका पोकळीत थरथरत बसतो,
कधी एक नॅनोसेकंद, कधी नऊ,
आणि मग दोन साखळ्या, आपापल्या कारणानं,
त्याच्याकडे न बघता
जराशा हलतात.
फट पडते. तो उडी मारतो. फट उरत नाही.
बहुतेक वेळा पुढच्याच क्षणी तो मागे येतो.

गेल्या रविवारी पप्पा आले, डब्यात खतखतं घेऊन.
त्यांना हेच चालवून दाखवलं, शंभरपट हळू.
खूप वेळ पाहिलं त्यांनी.
"याला कुणी सोडलं नाही," म्हणाले, "हा गेला."
मग चष्मा पुसत,
"आमच्याही फळ्या झिरपायच्याच.
आत किती खारं आलं ते भाताला कळायचं, मला नाही.
पण लाकूड भिजलं की फुगतं, फट आपसूक मिटते."

मी म्हटलं, आमचं उलटं आहे.
हा वायू फार झाला की भिंत फुगते, सैलावते,
मग ज्याला अडवायचं त्यालाही सोडते.

ते गप्प झाले. डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.
"सवय लागते तर भिंतीला."

हे वाक्य प्रबंधात कुठे घालू?
प्लॅस्टिसायझेशनच्या प्रकरणात जागा आहे,
पण संदर्भसूचीत चोडणची मानस कशी लिहायची?

दोन वाजून दहा. इनपुट फाइलमधला दाब
तीसवरून बारावर आणते, नवं काम रांगेत लावते.
कायतान पॅसेजमधले दिवे मालवत जातो.
अंधारात फक्त पंख्यांचा आवाज,
आणि कुठेतरी एक मिथेन
अजून फटीची वाट पाहत नाही.
नुसता हलतोय.