सम-विषम

आमच्या गल्लीत एका खांबावर लिहिलंय सम,
समोरच्या खांबावर विषम.
सम तारखेला गाड्या बँकेच्या अंगाला,
विषमला ठोसरांच्या भांड्याच्या दुकानाकडे.
माझे पाय पाटी लागायच्या आधीपासूनचे तसे.
उजवा सम, डावा विषम,
मधला पावणेदोन इंचांचा फरक
बुटाच्या तळव्यात भरून काढलेला.

बँकेसमोर एक निळा चौकोन आहे,
त्यात खुर्चीवर बसलेला पांढरा माणूस.
त्याला रंगवला त्या दिवशी मुद्दाम बघायला गेले होते,
नात्यातलं कुणी नौपाड्यात राहायला आल्यासारखी.
ओला होता. पोरं म्हणाली, मावशी, चाक नका घालू.
नाही घातलं.
त्यानंतर तो मला अख्खा कधी दिसलाच नाही.
कधी डोकं, कधी चाकाचा तुकडा,
बाकी सगळा एका पांढऱ्या गाडीखाली.
काचेवर टकटक केलं की ड्रायव्हर म्हणतो,
दोनच मिनिटं, मॅडम आत गेल्यात.
मॅडम आत गेल्या तेव्हा माझी मुलगी नववीत होती.

तर सतरा तारीख.
मी सम बाजूला लावली.
सतरा विषम, हे मला कळतं.
पण विषम बाजूला गटाराचं झाकण काढलेलं,
फुटपाथ गुडघ्याएवढा,
आणि कॅलिपरमधला गुडघा वाकत नाही.
प्रधानांकडे शिवलेले ब्लाउज द्यायचे होते,
तळमजला, दोन पायऱ्या, कठडा आहे.
पाच मिनिटं. (हो, मीही मिनिटंच म्हणते.)

बाहेर आले तर स्कूटरच्या जागी डांबर.
जोडचाकांची जड गाडी,
पंक्चरवालासुद्धा कुरकुरतो हात लावायला,
ती म्हणे चार पोरांनी उचलली.
अलगद उचलली हो, ठोसर सांगत होते,
लहान मूल उचलावं तशी.
मला असं शेवटचं उचललं ते मामाने,
सातवीच्या परीक्षेला, दुसऱ्या मजल्यावर.

स्कूटरच्या कडेला कुबडी बांधलेली होती.
तीही गेली.
एक कुबडी माझ्या काखेत,
दुसरी ट्रकवर उताणी, तीन हात नाक्याकडे,
माझ्याविना पहिल्यांदाच कुठेतरी निघालेली.

पैसे भरायची खिडकी चार पायऱ्या वर.
मी खालूनच ओरडले,
साहेब, वर यायला जे लागतं ते तुमच्याकडे जमा आहे.

हवालदार दाभाडे. माणूस वाईट नव्हता.
स्वतः खाली आला, कुबडी आणून दिली,
कार्ड बघितलं, उलटं करून बघितलं.
बेचाळीस टक्के, म्हणाला,
म्हणजे अठ्ठावन्न टक्के तर चांगल्या आहात की.
मी म्हटलं, मग दंड तेवढाच घ्या.
तो हसला.
मशीनमधून पावती आली ती पूर्ण रकमेची,
नियमाचे वेगळे, उचलून नेण्याचे वेगळे.

फोटो दाखवला. खांब, तारीख, वेळ, नंबरप्लेट.
मी त्यात कुठेच नाही.
कोपऱ्यात मात्र, कुणी न बोलावता आलेली,
निळ्या चौकोनात पांढरी गाडी.
हिचं काय, मी विचारलं.
फोटो तुमच्या गाडीचा आहे ताई, तो म्हणाला.

परवा रंगवाले पुन्हा आले.
मॅडम आतच होत्या.
दोन मिनिटं थांबले बिचारे,
मग गाडीच्या चारी बाजूंनी रंग देऊन निघून गेले.

रात्री साडेदहाला ती हलली.
कड ताजी, निळीशार, अजून ओली,
आणि मधे तो, जुनाच, विटलेला,
छातीवर तेलाचा डाग.
अख्खा दिसला.
मी स्कूटर बंद केली, बाजूला उभी राहिले.
इतकी वर्षं लक्षातच नव्हतं आलं,
काढणाऱ्याने त्याला पाय एकच काढलाय.
सम की विषम,
वाकून पाहिलं असतं, पण वाकता येत नाही.